सांबरं माझ्या गोठ्याला वळसा घालून गेली

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा विश्वास कधी नव्हता. तरुणपणी मी बोरघाटात गाडी हाकायचो. रात्र झाली की बैल सोडायचे आणि गाडीखाली आडवं व्हायचं, मग शेजारी मसणवटा असो की देवराई. तेवढ्या वर्षांत माझं जे काही चोरीला गेलं ते जिवंत माणसांनीच नेलं. आपल्या मासिकात लोकांचे अनुभव येतात, ते मी वाचतो. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाला विहिरीत दिवा. मला वाटतं, बाई दिसली तर तिला विचारावं, तुला काय पाहिजे? आपल्याला परवडत असेल तर द्यावं, नाहीतर वाटेला लागावं.

पण एक गोष्ट माझ्या गोठ्याशी, भर दुपारी, माझ्या डोळ्यांदेखत घडली. तिच्याबद्दल आमच्या गावात माझ्यावर जो आळ आला तो अजून गेलेला नाही. मी खुलासा करून थकलो. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो, पटवण्याची हौस आता उरलेली नाही.

कर्जत स्टेशनाहून खालापूरच्या वाटेला लागलं आणि पळसदरी मागे पडली की डाव्या हाताला डोंगराची सोंड खाली उतरते. तिच्या पायथ्याशी ते गाव आहे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथे माझा गवताचा धंदा. दिवाळी झाली की डोंगरउतारावरचं गवत कापून घ्यायचं, दाबून गठ्ठे बांधायचे आणि गाड्या भरून कर्जतला वॅगनवर चढवायचे. मुंबईत ट्रामचे घोडे ते खातात. मी वरचा, देशावरचा माणूस, एका बैलजोडीवर खाली आलो आणि सगळं स्वतःच्या हातांनी उभं केलं. वीस वर्षं तिथे राहिलो, गावाच्या कापणीवाल्यांना काम दिलं, तरी त्यांच्या तोंडी मी ‘वरचा शेठ’ तो वरचाच राहिलो.

माझं घर आणि गोठा गावाच्या अगदी कडेला, ओढ्याजवळ. ओढा हाकेवर असून मी अंगणात आड खणला होता, तेव्हा सगळे हसले होते. “शेठला ओढ्याचंबी पानी उसनं नको,” असं म्हणायचे. गोठ्यात माझे गाडीचे बैल. त्यांतला हौशा सगळ्यांत थोराड, पांढराशुभ्र, खिलार. बैल आहेत तोवर धंदा आहे, आणि धंदा आहे तोवर मी कुणीतरी आहे, हे मी पक्कं ओळखून होतो. बाकी मूलबाळ नाही. मी आणि माझी बायको, सरू.

मुंबईत गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, साथ आली त्याच्या आधीची ही गोष्ट. गवत पिकलं होतं, कापणी चालू होती. वरच्या वाडीतला पदू ठाकूर माझ्याकडे कापणीला यायचा. तो एका सकाळी विळा न काढताच येऊन उभा राहिला.

“शेठ, वर भेकर मरून पडलंय.”

“मग खाल्लं का नाही?”

“नाय खायाचं तसलं. तोंडातून लाळ, डोळ्यातून पू, मागून रगत. काल एक, आज दोन. आन् एक सांबर उभंय झऱ्यात, पोटापत्तुर पाण्यात. मी गेलो जवळ तरी पळंना.”

मी जाऊन पाहिलं. सांबर खरोखरच पळालं नाही. पाण्यात उभं राहून माझ्याकडे बघत होतं, नाकातून धार लागलेली, खालचा ओठ सोललेला. संध्याकाळी ते तिथेच पडलं. मी गुरांमध्ये वाढलेला माणूस. मला कुणी सांगावं लागलं नाही. बुळकांडी. गुरांना लागते तीच, रानातल्या जनावरांना लागली होती. आज डोंगरात आहे, उद्या गोठ्यात येणार.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव जमलं. त्या गावची जुनी रीत आहे. साथ आली की शीव बांधायची. भगत गावाच्या कडेकडेने दुधाची धार सोडत आणि तांदूळ टाकत फिरतो, मागे डफ वाजतो, आणि वाटेवर दोन खांबांना कडुनिंबाचं तोरण ताणतात. मग भगत शीव सोडेपर्यंत माणूस, गाडी, जनावर काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही. गावातली सगळी गुरं देवळाच्या आवारात एकत्र बांधतात, देवीच्या नजरेखाली.

माझं म्हणणं एवढंच होतं की जरा थांबा. माझे गठ्ठे रचून तयार होते, स्टेशनात वॅगन मिळालेली होती. वॅगन हुकली की दुसरी कधी मिळेल ते स्टेशनमास्तरच्या मर्जीवर.

“माझ्या गाड्या तेवढ्या जाऊन येऊ द्या, मग खुशाल बांधा,” मी म्हटलं.

राघो पाटील बसल्या जागेवरून म्हणाला, “रोगाला सांगू काय आमी, शेठची वॅगन भरंतोवर डोंगरातच बस म्हणून?”

लोक हसले. गोमा भगतही हसला. मला हसणं चालत नाही, हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

“बरं, गाड्यांचं राहू द्या. पण तुमच्या देवळात माझे बैल बांधणार नाही. शंभर जनावरांत उभे करायला मी त्यांना पोसलं नाही. ते माझ्या गोठ्यात राहतील, तुम्ही धार माझ्या गोठ्याबाहेरून घ्या.”

“आसं नसतं, शेठ,” गोमा म्हणाला. “शिवंच्या आत तर सगळी गुरं देवीजवळ. एक हितं, एक तितं, आसं चालत नाय. यायचं तर आख्खं यायचं.”

“मग राहू द्या!” मी उठलो. “बांधा तुमची शीव. माझा गोठा सोडून बांधा!”

आता हे नीट समजून घ्या. मी आयुष्यभर सौदे केले. सौद्यात माणूस उठून चालायला लागतो ते जाण्यासाठी नव्हे. तो चार पावलं टाकतो, मागून हाक येते, मग दोन्हीकडची माणसं थोडी थोडी खाली उतरतात. मी चालत गेलो. चिंचेपर्यंत गेलो, ओढ्यापर्यंत गेलो. हाक आली नाही. वीस वर्षांच्या शेजाऱ्याला हाक मारायला त्या गावात एक माणूस निघाला नाही. ही माझी खरी तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत सोडणार नाही.

घरी सरूला सांगितलं तर ती भाकरी थापत होती ती थांबली.

“बाजारात हाक मारतात. देवीच्या कामात कोण मारंल? जा माघारी.”

“मी नाही जाणार.”

“मग बसा दारात, आन् बैलांस्नी सांगा तुमचा मान केवढा ते.”

त्याच दुपारी शीव बांधली. मी दारात उभा राहून सगळी वाट पाहिली, त्यामुळे धार कुठून कुठे गेली ते मला पक्कं ठाऊक आहे. डोंगराच्या अंगाने गोमा आला. पाटलाच्या आंब्याच्या कलमापाशी त्याच्या पायात करवंदीचा काटा मोडला. तो ‘आयायाय’ करत एका पायावर उड्या मारत खालच्या बाजूला सरकला आणि तिथून पुढे आला. डफवाले हसत होते. मग तो माझ्या गोठ्यासमोर आला, थांबला, माझ्याकडे बघितलं आणि गावाच्या बाजूला वळला. माझं घर, गोठा, आड, सगळं बाहेर ठेवून धार आतल्या अंगाने पुढे गेली. गाडीवाट मात्र गावातूनच जायची, तोरणाखालून, त्यामुळे वॅगन हुकली ती हुकलीच.

दुसऱ्या दिवशी दुधाचा थेंब दिसत नव्हता. तांदूळ मुंग्यांनी आणि पाखरांनी नेले. जमिनीवर काही खूण उरली नाही, हे मी मुद्दाम सांगतो आहे.

त्यानंतर सांबरं उतरू लागली.

आजारी जनावर पाण्याकडे येतं, त्यात नवल नाही. नवल हे की ती भर उन्हात येत होती, आणि आमचं कुत्रं, जे वाऱ्यावरही भुंकायचं, ते ओसरीखाली जाऊन बसलं. पहिल्यांदा एक मादी आली. गवतातून सरळ गावाच्या दिशेने चालत आली आणि आदल्या दिवशी धार सोडली होती तिथे थबकली. पुढे कुंपण नाही, झुडूप नाही, मोकळं माळरान. तिने मान खाली घातली, वास घेतला आणि वळून त्या ओळीने चालू लागली. तिच्यामागे आणखी दोन आली, मग एक शिंगांचा मोठा नर. सगळी एकामागे एक.

मी सरूला बाहेर बोलावलं. पाटलाच्या कलमापाशी मादी आली आणि खालच्या बाजूला सरकली. गोमा सरकला होता तशीच, तेवढीच. मग दुसरं सरकलं. मग तिसरं. करवंदीची जाळी आदल्याच संध्याकाळी पाटलाच्या गड्याने तोडून टाकली होती. तिथे चुकवायला काही उरलंच नव्हतं.

“अहो,” सरू म्हणाली, “ही त्याच्या पावलानं चालत्यात.”

मी तिला गप्प बस म्हटलं. कारण मला पुढचं दिसत होतं. या ओळीने ती आमच्यासमोर येणार होती. तिथे धार गावाकडे वळली होती, म्हणजे आमचा गोठा सांबरांच्या बाजूला. मधे काही नव्हतं. माझे बैल दावणीला, गोठ्याला भिंती तीनच, चौथी बाजू उघडी. मी काठी घेतली. चार आजारी सांबरं, आणि पुढे किती येणार कोण जाणे. एकाचं नाक दावणीला लागलं की सगळं संपलं.

मादी आली. गोमा वळला होता त्या जागेवर थांबली. आणि वळली ती आमच्या बाजूला नव्हे, गावाच्या बाजूलाही नव्हे. ती बाहेरून गेली. माझ्या गोठ्याच्या मागून, आडाच्या पलीकडून, शेणाच्या खड्ड्याला वळसा घालून, ओढ्याच्या काठाने पुन्हा गोमाच्या ओळीला जाऊन मिळाली. बाकीची तिच्या मागोमाग. जणू माझ्या घराभोवतीही कुणीतरी धार सोडली होती.

मी सरूकडे बघितलं.

“तू काही केलंस?”

“काय करू? चहाला दूध नव्हतं घरात.”

हे चालूच राहिलं. रोज दुपारी थोडी यायची, तीच वाट, तोच वळसा. काही चालता चालता बसायची आणि उठायची नाहीत. पण पडायची ती वळशाच्या बाहेर, एकही आत पडलं नाही. वास एवढा की सरू नाकाला पदर बांधून स्वयंपाक करायची. गिधाडं आली, डोंगरकड्यावर बसली, आणि कितीतरी वेळ खाली उतरली नाहीत. पदूच्या वाडीची वाट शिवेबाहेरून होती, म्हणून तो येऊ शकायचा. तो लांबूनच ओरडला,

“शेठ, वर चल, एक गंमत दावतो.”

गंमत बघायच्या मनःस्थितीत मी नव्हतो, तरी गेलो. सोंडेवर एका दगडावर उभं राहिल्यावर सगळं गाव ताटात मांडल्यासारखं दिसतं. खाली गवतात पायवाट पडलेली. गावाला बाहेरून घेरणारी, आणि माझ्या घरापाशी फुगीर झालेली, गर्भार बाईच्या पोटासारखी.

“कुनी काढलं हे?” पदू म्हणाला.

“मला काय विचारतोस?”

“तुला नाय इचारायचं त कुनाला? त्या पोटात तूच बसलाईस ना!” आणि हसला. मग त्याचं त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण तो माझी वाट न बघता खाली उतरू लागला.

सगळ्यांत जवळून जे पाहिलं ते सांगतो. एका दुपारी मी आडावर पाणी काढत होतो. गोठ्यात घंटा वाजली म्हणून वळून पाहिलं. हौशाचं दावं सुटलं होतं. तो गोठ्याबाहेर येऊन अंगणाच्या टोकाला उभा होता आणि त्याच्यासमोर एक सांबर-मादी. दोघांच्या नाकांत हातभराचं अंतर. तिच्या नाकातून पिवळी धार लोंबत होती. हौशाने मान लांबवली. गुरं करतात तसं, वास घ्यायला.

मी ओरडलो. काठी गोठ्यात राहिली होती. मी पोहोचेपर्यंत उशीर होणार हे दिसत होतं. मादीने पुढचा पाय उचलला, उंच, उंबरा ओलांडताना उचलावा तसा, आणि तो तसाच हवेत धरून राहिली. मग तो पुन्हा होता त्याच जागी ठेवला. त्याच क्षणी हौशाने मान मागे झटकली. चटका बसल्यावर झटकतात तशी. चार पावलं मागे सरला आणि थरथरत उभा राहिला. मी त्याची वेसण धरली. मादी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, भीतीनेही नाही, दमलेल्या माणसासारखी. मग तिने पाय मुडपले आणि तिथेच बसली. संध्याकाळपर्यंत संपली.

हौशाच्या नाकावर मी दिवा धरून पाहिलं. काही नव्हतं. तिने पाय ठेवला त्या जागेवर मी स्वतः जाऊन उभा राहिलो, हात फिरवला, माती हुंगली. माती होती.

तोवर गावात पहिली म्हैस पडली. देवळाच्या आवारात, सगळ्या गुरांच्या मधे. नंतर रोज पडू लागली. तोरणापलीकडे गोमा आला आणि मला हाक मारली. तेव्हा हाक मारली.

“शेठ, खरं सांग, दुसरा भगत आणलास काय रं वरून?”

“आणायला तुम्ही वाट ठेवलीत का?”

“मग तुझ्या घराभवती वाट पडलीया ती कुनाची? पोरं झाडावर चढून बघत्यात. मी तुला सोडला व्हता. मी नाय धार सोडली तुझ्याभवती.”

“मीही नाही सोडली.”

“मग कोन सोडंल?”

“गोमा, मी तुलाच विचारणार होतो.”

तो जायला वळला. मग म्हणाला, “गावात म्हनत्यात, तू रोगाला वळवलास. तुझ्या दारातनं आमच्याकडं.”

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण रात्री माझ्या मनात त्याचंच बोलणं घोळत होतं, कारण देवळाकडून बायकांचं रडणं ऐकू यायचं. गावात म्हणतात मला त्याचा आनंद झाला. झाला नाही. ती गुरं मी रोज पाहिलेली, त्यांच्या नावानिशी ओळखीची. पाटलाची कपिला गाय तर माझ्या गवताच्या गंजीला तोंड लावते म्हणून मी शंभर वेळा भांडलो होतो. ती गेली तेव्हा सरू रडली, मी गवत रचत राहिलो.

माझा एकही बैल गेला नाही.

पुढे कर्जतला सरकारी गुरांचे डॉक्टर आले होते, त्यांना मी सगळं सांगितलं. शहाणा माणूस. म्हणाले, सरळ आहे. गावाने गुरं एका जागी कोंबली, त्यांतलं एखादं आधीच डोंगरात चरून रोग घेऊन आलेलं असणार. तुमचे बैल वेगळे, पाणी आडाचं, चारा कापून आणलेला. वाचायचेच. मला हे पटलं. बैल का वाचले हे मला कळलं, आणि गावातही मी हे सांगितलं. मग मी विचारलं, आणि सांबरं? ते म्हणाले, आजारी जनावर भ्रमिष्ट होतं, कुठेही भटकतं. मी म्हटलं, साहेब, मी भ्रमिष्ट जनावरं पाहिली आहेत. ती ओळीने चालत नाहीत. त्यांनी घड्याळ काढून पाहिलं आणि टाइम झाला म्हणून उठले.

गोमाने शीव सोडली तेव्हा देवळात मोजकीच गुरं उभी होती, आणि त्यांतलं नांगराला जुंपण्यासारखं एकही नव्हतं. उन्हाळा सरला, लावणीचे दिवस आले. आजूबाजूच्या गावांतही तीच कथा, मागायचे तरी कुणाकडे? आख्ख्या शिवारात धडधाकट बैल होते ते माझ्या दावणीला. मी वाट पाहिली. भाडं काय लावायचं हेही ठरवून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. कुणी आलं नाही. मग भाडं निम्मं केलं, तरी कुणी आलं नाही. शेवटी एका सकाळी सरू म्हणाली, “फुकट न्या. आज तरी भाव करू नका.” आणि मी हौशा आणि त्याचा जोडीदार यांना घेऊन पाटलाच्या शेतावर गेलो.

पाटील बांधावर होता. खाली चिखलात त्याचे दोन मुलगे नांगराला खांदा लावून ओढत होते आणि त्याची बायको मागून रुमणं धरून होती.

“राघो,” मी म्हटलं, “बैल आणलेत. काही नको मला. घे, चिखलणी उरकून घे.”

त्याने बैलांकडे बघितलं. शेतकऱ्याची नजर, लपत नाही. हौशाच्या खांद्यावर ती फिरली, पायांवर फिरली. मुलगेही थांबून बघत राहिले. मग तो दोन पावलं मागे सरला.

“नको, शेठ. त्या वळणातली जनावरं हायेत ती. कुनी राखली ती ठावं नाय. आमच्या रानात नको.”

“अरे, बैल आहेत. बघ, हात लावून बघ.”

“तुमी लावा हात,” तो म्हणाला. रागाने नव्हे, तसा रागावला असता तर मला भांडता आलं असतं. “तुमचे हायेत ते. ... ओढा रं, उभं काय ऱ्हायलात!”

मुलांनी पुन्हा खांदे लावले. मी बांधावर बैल धरून उभा राहिलो. हौशा चिखलाचा वास घेत होता, त्याला काम दिसत होतं, तो पुढे व्हायला बघत होता आणि मला त्याला मागे ओढून धरावं लागत होतं.

पुढच्या दिवाळीआधी आम्ही ते घर सोडलं. आता चौक गावी असतो. माझ्या गोठ्याभोवती ती वाट कुणी आखली आणि का, हे मला कुणी सांगू शकलं नाही, आणि ज्यांनी माझ्यावर आळ घेतला त्यांनाही ठाऊक नाही. वाचकांपैकी कुणाला काही उलगडलं तर जरूर लिहावं. फक्त मला भ्रम झाला असं लिहू नये, कारण सरूनेही पाहिलं आहे, आणि ती माझी कुठलीच गोष्ट सहसा कबूल करत नाही.